ऐकू येणं आणि ऐकणं

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या सत्रासमोर 'संगीत' एवढा एकच शब्द छापला आहे. वेळ जेवणानंतरची. तेव्हा थोडी गाणी होतील, टाळ्या होतील, डुलकी लागलेल्या जाग्या होतील आणि चारच्या चहानंतर पुन्हा कामाला लागू, असा संयोजक मैत्रिणींचा हिशोब असणार. मला गाता येत नाही. मी बोलणार आहे ती ऐकण्याबद्दल, आणि हे कामाचंच सत्र आहे असं धरून बोलणार आहे.

आधी आपल्या भाषेकडे बघू. मराठीत 'ऐकू येणं' वेगळं आणि 'ऐकणं' वेगळं. ऐकू येतं ते आपोआप. रिक्षातलं गाणं, शेजारचा टीव्ही, मंडळाचा डीजे, कशालाच आपली परवानगी लागत नाही. ऐकणं मात्र आपण करावं लागतं. पण बाईच्या बाबतीत या शब्दाला तिसराच अर्थ चिकटलेला आहे. 'सून ऐकते ना?' म्हणजे सांगितलं तसं वागते ना? 'मुलगी ऐकत नाही' म्हणजे ती हाताबाहेर गेली. आणि 'ऐकून घेणं' म्हणजे काय ते तर आपल्या सल्ला केंद्रात येणारी प्रत्येक बाई सांगेल. म्हणजे आपण जन्मभर ऐकत आलो, पण ते दुसऱ्याचं आणि दुसऱ्यासाठी. स्वतःला हवं म्हणून, स्वतः निवडून, बसून काही ऐकलं असं कधी झालं होतं, हे प्रत्येकीने जरा आठवून बघा. हातात लाटणं नाही, मांडीवर मूल नाही, समोर इतिवृत्ताची वही नाही, आणि एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं.

बऱ्याच जणी हसताय. हसण्यासारखंच आहे ते. केंद्र सरकारच्या २०२४ सालच्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असं दिसलं की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात आणि हे काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. जे पुरुष हे काम करतच नाहीत ते त्या सरासरीत धरलेले नाहीत, हेही लक्षात ठेवा. मुलांचं, म्हाताऱ्यांचं बघणं त्यात नाही, ते आणखी वेगळं. या २८९ मिनिटांत गाणं असतं, नाही असं नाही. ओट्यावर फोन ठेवलेला असतो, पूर्वी ट्रान्झिस्टर असायचा. पण फोडणी तडतडली की कडवं गेलं आणि कुकरची शिट्टी झाली की धृपद गेलं. जुन्या घरांतून गाण्याच्या बैठका व्हायच्या. माजघराच्या दाराआड उभं राहून, चहाचे कप बाहेर पाठवत आपल्या आज्या-पणज्यांच्या कानावर गाणं पडायचं. समोर बसून मान डोलावणारे रसिक. दाराआडच्या बाईला त्या गाण्यातलं कितीही कळत असलं तरी तिला रसिक म्हणायची पद्धत नव्हती. 'तानसेन नाही तर निदान कानसेन व्हावं' असं आपल्याकडे म्हणतात. त्यातही दोन्ही सेन पुरुषच.

आता या शिबिरात असा प्रश्न येणारच की बाई, आपल्याकडे रोज नवीन केस येते आहे, वस्त्या उठताहेत, आणि तुम्ही गाणी कसली ऐकायला सांगता? चैन आहे ही. हा आक्षेप मला रास्त वाटतो, आणि तो आपल्यालाच पडलेला नाही. म्हणून एका अमेरिकन बाईची गोष्ट सांगते. पॉलिन ऑलिव्हेरोस. जन्म १९३२, ह्यूस्टनचा. अकॉर्डियन वाजवायच्या, पुढे संगीत रचनाकार म्हणून नावाजल्या. १९७० साली त्यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये एक लेख लिहिला. बायकांनी केलेल्या रचनांना 'बायकांच्या' म्हणून बाजूला का काढता, रचनाकार म्हणा की सरळ, असा त्याचा रोख होता. त्याच वर्षी मे महिन्यात, त्या शिकवत होत्या त्या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात एका विद्यार्थ्याने व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ स्वतःला जाळून घेतलं. चहूकडे हिंसा, मोर्चे, पोलीस. अशा काळात या बाईंनी काय केलं, तर आपल्याभोवतीच्या बायकांचा एक गट केला. फक्त बायकांचा. त्या नियमाने जमायच्या, एकेक स्वर लांबवायच्या, एकमेकींचा आवाज आणि भोवतालचे आवाज ऐकत राहायच्या, त्याबद्दल लिहायच्या, बोलायच्या. त्यातून 'सॉनिक मेडिटेशन्स' नावाची रचना झाली आणि १९७१ पासून ती छापली गेली. तिच्यात स्वरलेखन नाही. साध्या भाषेतल्या सूचना आहेत, गाणं न शिकलेल्या माणसालाही करता येतील अशा. ऑलिव्हेरोस यांचा सगळा भर 'ऐकू येणं' आणि 'ऐकणं' यांतल्या फरकावर होता. पहिलं कानाचं काम, दुसरं लक्ष देण्याचं, आणि लक्ष देणं शिकता येतं, वाढवता येतं, असं त्या २०१६ साली जाईपर्यंत शिकवत राहिल्या.

त्यांच्यावरही टीका झालीच असेल, युद्ध चाललंय आणि या डोळे मिटून बसल्यात म्हणून. पण मला वाटतं, ज्या बायकांचं बोलणं सभेत, वर्गात, घरात मधेच तोडलं जातं, त्यांनी एकमेकींना न तोडता ऐकायला बसणं ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. आजही नाही. आपल्या स्वतःच्याच मासिक बैठकीत किती वेळा एकीचं वाक्य दुसरी पुरं करते ते मोजून बघा.

आमच्या वस्तीतल्या गटात गेली दोन वर्षं आम्ही महिन्यातून एकदा ऐकायची बैठक घेतो. अर्धा तास ऐकणं आणि अर्धा तास बोलणं. नियम एकच ठेवला, हात रिकामे हवेत. हा नियम पाळणं सगळ्यांत अवघड गेलं. पहिल्या वेळी एकीने मटार आणले होते, दुसरीने निवडायचे तांदूळ. 'ऐकता ऐकता होऊन जातील' म्हणाल्या. ते बाजूला ठेवायला लावले तेव्हा मटारवाली म्हणाली, रिकाम्या हाताने बसलं की चोरी केल्यासारखं वाटतं. त्या दिवशी गाणं राहिलंच बाजूला, त्या चोरीवरच तासभर बोलणं झालं. आणि ते चांगलंच झालं.

ऐकण्याची पद्धत आम्ही अशी ठरवली. तीन-चार मिनिटांची एकच चीज लागोपाठ तीनदा लावायची. पहिल्यांदा शब्द ऐकायचे. दुसऱ्यांदा शब्द सोडून द्यायचे आणि आवाज ऐकायचा; तो कुठे जाड होतो, कुठे थकतो, श्वास कुठे घेतला. तिसऱ्यांदा गाणारीच्या आजूबाजूचं ऐकायचं. साथीला कोण आहे, कोण खोकलं, बांगडी वाजली का, ही खोली आहे की अंगण. तिन्ही वेळा मधे बोलायचं नाही. एवढंच. पण तिसऱ्या खेपेला जे ऐकू येतं ते पहिल्या खेपेला अजिबात नसतं, हे करून बघितल्याशिवाय पटणार नाही.

सुरुवात आम्ही जात्यावरच्या ओव्यांनी केली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायकांबरोबर हे काम केलं, हे तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त बायका आणि एक लाखाहून जास्त ओव्या. बर्नार्ड बेल यांच्या मदतीने पुढे त्यातल्या काही हजार ओव्यांचं ध्वनिमुद्रण झालं आणि २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया', म्हणजे 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या क्रमाने येऊ लागल्या. फोनवर फुकट ऐकता येतात. मला त्यातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हे की प्रत्येक ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव आहे. 'लोकगीत, पारंपरिक' असं लिहून मोकळं व्हायची आपल्याकडची जी रीत आहे ती इथे पाळलेली नाही.

ओव्या आपण वाचतो तेव्हा दोन ओळींत संपतात. ऐकायला घेतल्या की त्या लांबतात. एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, मधे 'बाई' येतं, 'गं' येतं, एक सुरू करते आणि दुसरी उचलते. चालीला बायका 'गळा' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्यात चाल आणि गाणारीचं शरीर वेगळं काढलेलं नाही. आमच्या गटातल्या साठी ओलांडलेल्या एका बाईंनी दुसऱ्यांदा ऐकताना हात वर केला. बोलायचं नाही हा नियम होता, पण त्यांना राहवेना. म्हणाल्या, 'हा आमच्याकडचा गळा नाही.' त्यांना मराठवाड्यातल्या आपल्या गावचा गळा आठवला होता, तो कुणाकडून आला ते आठवलं, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या गायल्या. त्यांच्या सुनेने सासूचा गाण्याचा आवाज तोवर ऐकला नव्हता.

इथे एक सांगून ठेवते. जातं गेलं आणि गाणं गेलं, असे गळे काढणारे खूप भेटतात. त्यांतल्या एकानेही पहाटे चारला उठून दळण दळलेलं नसतं. गिरणी आली हे फार बरं झालं. पण दळताना दोन बायका समोरासमोर बसत होत्या, घरातले सगळे झोपलेले असायचे, आणि तेवढा वेळ एकीचं दुसरीने ऐकून घ्यायचं ठरलेलं होतं. सासरचा जाच, भावाची वाट, लेकीची काळजी, पंढरीचा विठ्ठल, रामाने टाकलेली सीता, सगळं तिथे बोललं गेलं. माजलगावच्या बायकांच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या ऐका, मग कळेल की जात्यावर राजकारणही होतं. गिरणीने बायकांचे कष्ट वाचवले, पण ती बसायची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात दुसरी कुणी दिली नाही. ती आपल्याला करावी लागेल.

ओव्यांवरून आम्ही पुढे सरकलो, ते ध्वनिमुद्रिकांकडे. नवीन गाणं शोधायचं म्हणजे कालच आलेलंच शोधायचं असं नाही. आपण ऐकलेलं नाही ते आपल्याला नवीनच. आणि बायकांच्या गाण्यापुरतं बोलायचं तर शंभर वर्षांपूर्वीचा माल आपल्यासाठी कोरा पडलेला आहे.

१९०२ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेजबर्ग कलकत्त्यात आला. भारतात तबकड्यांसाठी गायलेल्या पहिल्या आवाजांत नाटक कंपनीतल्या दोन कोवळ्या मुली होत्या, शशिमुखी आणि फणिबाला. एक चौदाची आणि एक सोळाची, असं गेजबर्गने लिहून ठेवलं आहे, आणि त्यांचा आवाज आपल्याला मुळीच आवडला नाही हेही. त्या मुलींना त्या भोंग्यासमोर काय वाटलं ते कुणी लिहिलं नाही. मग त्याच आठवड्यात गौहरजान आल्या. तबकडीवर तीन मिनिटांच्या आसपास जागा. तासभर रंगणारी चीज तेवढ्यात बसवायची आणि शेवटी स्वतःचं नाव मोठ्याने, इंग्रजीत सांगायचं, कारण तबकड्या पक्क्या व्हायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला आणि तिथल्या कारागिरांना कुठली तबकडी कुणाची हे कळायला हवं. कारण असं अगदी व्यवहाराचं. पण ती जुनी तबकडी तिसऱ्यांदा ऐकताना, गाणं संपल्यावर एक बाई ठणठणीत आवाजात आपलं नाव सांगते, तेव्हा आमच्या गटात सगळ्या जणी सावरून बसल्या. आपल्यापैकी कितीजणी सभेत उभं राहून पहिल्यांदा स्वतःचं नाव सांगताना अडखळल्या होत्या, ते आठवा.

नावाचाच मुद्दा थोडा लांबवते, कारण शोधायला बसलात की पहिली अडचण हीच येईल. बाईचं नाव बदलतं आणि तिचं अर्धं गाणं हरवतं. बेगम अख्तर म्हणून शोधलंत तर एक बाई सापडेल. तीच बाई त्याआधी अख्तरीबाई फैजाबादी होती. १९४५ साली एका बॅरिस्टरशी लग्न झालं, मग काही वर्षं गाणं बंद. त्यात त्या आजारी पडल्या. १९४९ साली लखनौ नभोवाणीवर पुन्हा गायल्या, आणि 'बाई' जाऊन 'बेगम' आली. दोन्ही नावांनी शोधा आणि दोन्ही आवाज शेजारी शेजारी ठेवून ऐका. लग्नाआधीचा आणि नंतरचा, असं म्हणायला मी धजत नाही, पण ऐका. आपल्याकडे माणिक वर्मा या आधी माणिक दादरकर होत्या. ज्योत्स्ना भोळे या दुर्गा केळेकर. सुलोचना चव्हाण लावणीसम्राज्ञी व्हायच्या आधी हिंदी चित्रपटांत सुलोचना कदम म्हणून गात होत्या. गंगुबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर गांधारी असं नाव आहे. गंगुबाईंचा तो जाड, भारदस्त आवाज पहिल्यापासून नव्हता. घशाच्या दुखण्यानंतर तो तसा झाला. आधीचा बारीक आवाज त्या गांधारीच्या तबकड्यांत आहे. बाईचा आवाज गोड आणि बारीकच हवा असं ज्यांना वाटतं त्यांनी नंतरच्या गंगुबाई जरूर ऐकाव्यात. त्यांनी आवाज परत बारीक करायचा आटापिटा केला नाही, त्याच आवाजाने पुढची कितीतरी वर्षं मैफिली गाजवल्या.

आडनावाच्या प्रश्नावर आपण इतकी वर्षं बोलतो, पण त्याचा असा हिशोब कुणी मांडत नाही. म्हणून आमच्या गटाने एक वही केली आहे. गाणारीचं नाव, आधीचं नाव, गाव, कुणाकडे शिकली, साथीला कोण. 'कुणाकडे शिकली' हा रकाना सोडू नका, त्यातूनच पुढचं गाणं सापडतं. किशोरी आमोणकर बहुतेकींना माहीत असतात. त्यांच्या आई आणि गुरू मोगूबाई कुर्डीकर किती जणींनी ऐकल्या आहेत? मोगूबाई अल्लादियाखाँसाहेबांकडे शिकल्या. त्यांच्याकडेच शिकलेल्या दुसऱ्या म्हणजे केसरबाई केरकर. दोघीही गोव्याच्या, कलावंत समाजातल्या, एक कुर्डीची आणि एक केरीची. केसरबाईंची भैरवीतली साडेतीन मिनिटांची चीज १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. त्या सोनेरी तबकडीवर भारतातलं तेवढं एकच संगीत आहे. दर शिबिरात मी विचारते, आणि केसरबाईंचं नाव ऐकलेल्या बायका एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या निघतात.

हे नुसतं आपल्या अज्ञानामुळे नाही. आपल्या कानापर्यंत काय पोचावं हे दुसरे लोक ठरवत आले. स्वातंत्र्याच्या सुमाराला, सरदार पटेलांकडे नभोवाणी खातं असताना असा दंडक झाला की ज्यांचं खाजगी आयुष्य लोकांत बदनाम आहे त्यांना नभोवाणीवर गाऊ द्यायचं नाही. त्याचा फटका कुणाला बसला? तवायफ, नायकिणी, देवदासींच्या घरांतल्या बायकांना. ज्यांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली त्याच बाहेर. त्यांच्याकडे जाणारे, त्यांचं गाणं ऐकून खाजगी आयुष्य रंगवणारे गृहस्थ मात्र बदनाम ठरले नाहीत. पुढे १९५२ साली केसकर मंत्री झाल्यावर चित्रपट गीतांवरच गदा आली आणि लोक रेडिओ सिलोन लावू लागले. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये विविध भारती सुरू झाली तेव्हा कुठे सरकारी नभोवाणीला सिनेमाचं गाणं पुन्हा चालू लागलं. हार्मोनियमलाही १९४० पासून १९७१ पर्यंत नभोवाणीवर बंदी होती. कुणी गावं, काय गावं, कशाच्या साथीने गावं, सगळं वरून.

आता वर मंत्री नाही, यंत्र आहे. एक गाणं संपलं की फोन दुसरं आपणच लावतो. आपल्याला वाटतं आपण ऐकतोय, प्रत्यक्षात वाढलेलं खातोय. तीस सेकंद वाजलं की गाणं ऐकलं गेल्याची नोंद बहुतेक कंपन्यांच्या खात्यात होते, त्यामुळे पहिल्या तीस सेकंदांत सगळं ओतून मोकळं होणारी गाणी वाढली. आलापाला कुणाला वेळ आहे? बार्सिलोना आणि उत्रेख्त इथल्या संशोधकांनी २०२१ साली लाखो श्रोत्यांच्या नोंदी तपासल्या. लोक ऐकत असलेल्या कलावंतांमध्ये बायका सुमारे पाव हिस्सा होत्या, आणि यंत्र सुचवत असलेल्या यादीत बाईचं पहिलं गाणं यायला सरासरी सहा-सात गाणी जावी लागत. यंत्राला बायकांशी वैर नाही. लोक ऐकतात तेच ते पुन्हा वाढतं. म्हणून निदान बैठकीपुरतं तरी आपोआप पुढचं लावण्याचं ते बटण बंद करा. गाणं संपलं की शांतता होऊ द्या. पुढे काय, ते आपल्याला ठरवू द्या.

आता लावणीबद्दल. हा विषय टाळून चालणार नाही, कारण आमच्या गटात यावरून भांडण झालं आणि ते मिटलेलं नाही. यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी लावली होती. पहिल्यांदा ऐकताना, म्हणजे शब्द ऐकताना, दोघी-तिघींचे चेहरे बदलले. पुरुषांनी लिहिलेलं, पुरुषांसाठी लिहिलेलं, बाईच्या तोंडी घातलेलं. हे आपण आपल्या व्यासपीठावर कशाला ऐकायचं, असं एकीने स्पष्ट विचारलं. दुसरी म्हणाली, शब्द त्याचे असतील, पण ओळ कुठे सोडायची, कुठे थांबायचं, कुठे हसायचं हे ती ठरवते आहे. दोन्ही बाजूंनी चांगलं बोललं गेलं. मला दुसरीचं जास्त पटतं. पण पहिलीचंही विसरता येत नाही, कारण त्या शब्दांवर पैसे उधळणाऱ्यांनी फडातल्या बायकांचं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. विठाबाई नारायणगावकरांनी खेळ चालू असताना बाळंत होऊन नाळ दगडाने ठेचून तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. त्यात कौतुक काय आहे ते मला अजून समजलेलं नाही.

तर त्या दिवशी हे सगळं चालू असताना कोपऱ्यात बसलेली एक कार्यकर्ती, अकरा वर्षं आमच्याबरोबर काम करणारी, म्हणाली, 'माझी आजी फडात गायची.' अकरा वर्षांत हे तिने सांगितलं नव्हतं. आमच्यासारख्यांच्या संघटनेतही सांगावंसं वाटलं नव्हतं. का, ते तिने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तिने ती लावणी चौथ्यांदा लावायला सांगितली. तेव्हापासून आमच्या वहीत तिच्या आजीचंही नाव आहे. ध्वनिमुद्रण नाही, पण नाव, गाव आणि कुणाकडे शिकली हे रकाने भरलेले आहेत.

आजच्या गाणाऱ्याही ऐकतो आम्ही. कडूबाई खरात एकतारीवर भीमगीतं गातात, त्या आमच्या वस्तीत सगळ्यांच्या फोनवर आहेत. पण बसून, हात रिकामे ठेवून त्यांना ऐकलं तेव्हा त्या एका तारेचा नाद शब्दांखालून सतत चालू असतो हे पहिल्यांदा जाणवलं. सोफिया अश्रफचं कोडाईकनालच्या पाऱ्याच्या प्रदूषणावरचं २०१५ सालचं रॅप आमच्या पोरींनी आणलं. मोठ्या बायकांना शब्द कळले नाहीत, म्हणून पोरींनी मराठीत सांगितले, आणि मग थर्मामीटरच्या कारखान्यातल्या पाऱ्यावरून दवाखान्यात काम करणाऱ्या दोघी बोलल्या. कुठलं गाणं कुठे घेऊन जाईल सांगता येत नाही. काही गाणी मुळीच आवडत नाहीत, तेही चालतं. आवडलं नाही असं मोकळेपणाने म्हणण्याची सवयही आपल्यात कमीच आहे.

शेवटी एक कामाचं. आपल्या बहुतेक संघटनांच्या कपाटात कॅसेटी पडल्या आहेत. 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ साली आलं, त्यानंतर तर गावोगाव पथकं झाली, शिबिरांतून गाणी रचली गेली, टेपरेकॉर्डरवर भरली गेली. कित्येकींच्या पाठीवर फक्त 'शिबिर, बाजू अ' एवढंच लिहिलेलं आहे. गाणाऱ्यांपैकी काही जणी आता नाहीत. ओलाव्याने त्या फितींवर बुरशी धरते, त्या एकमेकींना चिकटतात. बुरशी दिसली तर कॅसेट घालून वाजवून बघू नका, फीत तुटेल आणि यंत्रही बिघडेल. आधी कोरड्या जागी काढा, माहितगाराकडून साफ करून घ्या आणि एकदाच वाजवून तिची नक्कल संगणकावर घ्या. त्याआधी कॅसेट ज्यांच्या वेळची आहे त्या बायकांना बोलावून नावं लिहून घ्या. आवाज ओळखणाऱ्या अजून आहेत तोवर हे व्हायला हवं. आणि ज्या हयात आहेत त्यांना विचारल्याशिवाय कुठेही टाकू नका. काही गाण्यांत स्वतःच्या घरातलं सांगितलेलं आहे, ते बंद खोलीतल्या मैत्रिणींसाठी होतं.

उद्या सकाळी सात वाजता, चहाच्या आधी, याच हॉलमध्ये अर्धा तास बसू. यायची सक्ती नाही. येणाऱ्यांनी वही, पेन, विणकाम, फोन काहीही आणू नये. तिघीजणी आपल्या गटाच्या कॅसेटी घेऊन आल्या आहेत असं कळलं. त्यांनी त्या आज रात्री जेवणानंतर माझ्याकडे द्याव्यात. बुरशी तपासायची आहे आणि टेपरेकॉर्डरचं हेड पुसून ठेवायचं आहे.